ओरिजिनल मिंक

डावा डोळा पूर्ण झाला होता. उजव्यावर मी निम्म्यापर्यंत आले होते, तेवढ्यात मयूरी म्हणाली, "मॅडम, ह्ये केस कशाचे असत्यात?"

"बोलू नको गं. पापणी हलते," मी म्हणाले.

ज्यांनी लॅश एक्स्टेन्शन केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या पापणीच्या एकेका केसावर एक लांब केस चिकटवायचा. दोन्ही हातांत बारीक चिमटे. डाव्या चिमट्याने पापणीचा एकच केस सुटा धरायचा, उजव्याने नवा केस गोंदात टेकवून त्याच्यावर बसवायचा. एका डोळ्याला ऐंशी-नव्वद वेळा हेच. खालच्या पापणीवर जेलचा पॅच लावतात, म्हणजे वरची आणि खालची एकमेकींना चिकटत नाहीत. गोंद झोंबतो, म्हणून दोन तास डोळे उघडायचे नाहीत. नीट केलेलं काम तीन-चार आठवडे टिकतं. लग्न, पूजा, हनिमून सगळं त्यात निघून जातं.

मयूरीचं लग्न दोन दिवसांवर होतं. मुलगी कासार आंबोलीची, बी.कॉम. झालेली, घरची शेती. सासर सूसचं. पार्लरमध्ये ती पहिल्यांदाच दोन तास आडवी पडली होती, त्यामुळे अंग अगदी ताठ. गळ्यात तुळशीची माळ होती. टॉवेल खोचताना मीच ती बाजूला सारली होती.

ती परत म्हणाली, "जनावराचं न्हाई ना? माळ हाय माझी. म्हणून इचारलं."

"नाही गं. सिल्क आहे. रेशीम."

"रेशीम चालतं. पूजेला नेसतोच की आपण," ती म्हणाली आणि अंग सैल सोडून पडून राहिली. पुढचं काम भराभर झालं.

माझ्या ट्रॉलीवर जी डबी उघडी होती तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'मिंक' असं छापलेलं होतं. आणि आठच दिवसांपूर्वी, त्याच खुर्चीशेजारी उभं राहून, मी मयूरीच्या होणाऱ्या नणंदेला सांगितलं होतं, "पल्लवी, तुझ्या वहिनीला मी ओरिजिनल मिंक लावते. बघच तू."

हे सांगायला आजही जीभ रेटत नाही. पण सांगायचंच म्हणून बसले आहे, तर सगळं सांगते.

मिंक हा थंड देशातला प्राणी. अंगाने मुंगसासारखा, राहणार नदी-तळ्याकाठी, पोहून मासे धरणार. त्याची लव इतकी दाट आणि मऊ की तिचे कोट करतात. त्यासाठी त्याला पिंजऱ्यात पाळतात आणि मारतात. श्रीमंत बायकांच्या अंगावरचा तो कोट, त्यामुळे मिंक शब्दालाच भाव आला. पापण्यांच्या धंद्यात तो शब्द तिथूनच घुसला.

आमच्याकडे तीन दर असतात. सिंथेटिक, सिल्क, मिंक. सिल्कमध्ये रेशमाचा धागासुद्धा नसतो, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जरा चकाकी असली की ते सिल्क. मिंकचं मात्र मी सप्लायरला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नव्हतं.

त्यात माझी एक स्वतःची पद्धत होती, आणि मी तिला हुशारी म्हणत होते. आयटीतली मुलगी आली की डबीवरचं नाव दाखवायचं. श्रावण पाळणारी, जैन, माळकरी अशी कोणी आली की त्याच डबीला सिल्क म्हणायचं. डबी एकच. दर मात्र दोघींना मिंकचाच. गिऱ्हाईक बघून पुडी बांधायची, तसं गिऱ्हाईक बघून नाव. चौदा वर्षांपूर्वी बार्शीहून येऊन बावधनमध्ये पार्लर टाकलं तेव्हा माझ्याकडे एक खुर्ची आणि एक स्टीमर होता. बाकी सगळं मी जिभेवर उभं केलं. त्याचा मला माज होता, असंच म्हणायला पाहिजे.

पल्लवी चार वर्षांची माझी पक्की गिऱ्हाईक. एका कंपनीत एचआरला आहे. सूसला त्यांची जमीन होती, आता तिच्यावर सोसायट्या उभ्या आहेत आणि त्यातल्याच एकीत वरचे दोन फ्लॅट यांचे. पोरगी मनाने दिलदार, पण तोंडाने फटकळ. तिच्या एका शब्दावर त्या सोसायटीतल्या निम्म्या बायका माझ्याकडे येतात. वहिनीच्या पापण्या ही तिच्याकडून भेट होती.

लग्न पिरंगुटजवळच्या लॉनवर थाटात झालं. मी गेले होते. फोटोग्राफर नवरीचे डोळे टिपायला सारखा जवळ जात होता. पल्लवीने स्टेजवरूनच मला अंगठा दाखवला. मी जेवून, आहेर देऊन, खुशीत घरी आले.

लग्नानंतर आठ दिवसांनी, सोमवारी दुपारी, मयूरीचा फोन आला. आवाज दाबून बोलत होती.

"मॅडम, मी मयूरी. कासार आंबोलीची."

"अगं बोल ना. पापण्या टिकल्यात का?"

"टिकल्यात. मॅडम, एक काम व्हतं. तुमी मला रेशीम म्हनला व्हता ना?"

मी हं म्हणाले.

"काल ताई सगळ्या पावण्यांम्होरं म्हनल्या, वहिनीला मी ओरिजिनल मिंक लावून दिलंय. कुणीतरी इचारलं मिंक म्हंजी काय. ताईंनी मोबाईलवर फोटू दावला. तर आत्याबाई म्हनल्या, ह्ये तर मुंगूस हाय."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. मला हसू आलं, आणि मी हसलेसुद्धा. ती हसली नाही.

मग तिने सांगितलं ते असं. सूसच्या त्या घरात लग्नानंतर देवीला बोकड असतो. भावकी जेवायला येते. रश्शाला पहिली फोडणी नव्या सुनेने घालायची, अशी त्यांची रीत. लग्न ठरायच्या बैठकीत ही पोरगी चारचौघांसमोर स्वतः बोलली होती. तुमच्या घरात काय शिजतंय त्याला मी नावं ठेवणार नाही, पण माझ्या हातून मटण शिजणार नाही, माझी माळ आहे. तिच्या माहेरी सगळे खाणारे. माळ घातली ती एकटीने, कॉलेजात असताना, गावच्या सप्त्यात. घरात तिला 'आमचं बुवा' म्हणून चिडवत. तरी बैठकीत बापाने लेकीची बाजू घेतली. कुरकुर झाली, पण सासरच्यांनी मान्य केलं. फोडणी चुलत सासू घालेल असं ठरलं. ती एवढीच अट घालून या घरात आली होती. दुसरं काही मागितलं नव्हतं.

"आता म्हंत्यात, डोळ्याला मुंगसाचे केस चालत्यात, मग फोडणीलाच माळ आडवी येती व्हय? मी म्हनलं, मॅडमनी सोता सांगितलंय, रेशीम हाय. तर म्हंत्यात, मी खोटं बोलतीया. ताईंना तर तुमी मिंक सांगितलं म्हणं."

"बघते मी," मी म्हणाले.

"येत्या रईवारी हाय बोकड. तुमी फकस्त ताईंना एक फोन करा. काय हाय ते खरं सांगा. मिंक असलं तर मिंक सांगा, मी गप बसंन, माझी चूक झाली म्हनंन. पर न्हाई असलं तर तेवढं सांगा. दुसरं काय नको मला."

"करते गं. तू काळजी करू नको," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्या घटकेपर्यंत मला स्वतःला माहीत नव्हतं की डबीत काय आहे. सप्लायरला फोन लावला. त्याने आधी सांगितलं, "मॅडम, डिब्बे पे जो लिखा है वही है." मी खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "इस रेट में असली मिंक कौन देगा, मॅडम? आप भी ना."

तरी मी खात्री केली. खात्री करायला काय लागतं, तर एक लायटर. केस जळला की जळक्या केसाचा घाण वास येतो आणि बोटाने चुरला तर राख होते. प्लॅस्टिक जळत नाही, वितळतं, आणि टोकाला बारीक कडक मणी होतो. साडीच्या दुकानातसुद्धा दोऱ्याला काडी लावून असंच दाखवतात. मी डबीतले चार-पाच केस चिमट्यात धरले आणि लायटर लावला. मणी झाला. वास मेणबत्तीसारखा. प्लॅस्टिक.

म्हणजे मी मयूरीला रेशीम म्हणाले ते खोटं होतं, पण 'जनावराचं नाही' म्हणाले ते खरं होतं. तिची माळ होती तशी शाबूत होती. खोटी ठरत होते ती मी, पल्लवीसमोर. मला फक्त पल्लवीला फोन लावून म्हणायचं होतं, "अगं, मी तुझ्या वहिनीला मिंक म्हणून प्लॅस्टिक लावलं. माझं चुकलं."

सोमवारी नाही लावला. ती ऑफिसात असेल म्हटलं. मंगळवारी दिवसभर कामं होती. बुधवारी मेसेज टाईप केला, वाचला, खोडला. पुन्हा टाईप केला, पुन्हा खोडला. सोसायटीतल्या बायकांचा ग्रुप डोळ्यांसमोर येत होता. पल्लवीने तिथे एकच ओळ टाकली असती की ही बाई प्लॅस्टिकला मिंक म्हणते, तर त्या सोसायटीतला माझा चार वर्षांचा जम एका दुपारीत उठला असता. शिवाय त्यातल्या कितीतरी जणींच्या डोळ्यांवर तीच डबी होती.

गुरुवारी मला एक युक्ती सुचली. डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे केस प्राण्याला इजा न करता, त्याला विंचरून गोळा केलेले आहेत. मला वाटलं, हे सांगितलं की साप पण मरेल आणि काठी पण तुटणार नाही. मिंक मिंक राहील, आणि मयूरीच्या डोक्यावरचं पापही जाईल. मी पल्लवीला फोन केला.

"पल्लवी, ते मिंकबद्दल तुमच्याकडे काही बोलणं झालं म्हणे."

"हो ना. वहिनीने तुम्हाला फोन केला वाटतं? ती म्हणते तुम्ही तिला सिल्क सांगितलं."

"अगं, तिला सोपं करून सांगितलं मी. मुद्दा काय, त्या प्राण्याला मारत नाहीत. नुसते विंचरतात, जे केस गळतात ते घेतात. त्यामुळे माळेला वगैरे काही होत नाही."

"म्हणजे केस प्राण्याचेच आहेत ना?"

इथे थांबायला जागा होती. मी थांबले नाही.

"हो, म्हणजे, प्राण्याचेच, पण—"

"बास. तेवढंच विचारायचं होतं," पल्लवी म्हणाली. "थँक्यू हां मॅडम. ती उगाच तुमचं नाव घेऊन वाद घालत होती. आता मम्मीला सांगते."

मी फोन ठेवला. मी काय केलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. ज्या एका वाक्यावर ती पोर उभी होती, ते वाक्य मी तिच्या पायाखालून काढून घेतलं होतं. आणि तेही मदत करते आहे अशा आवाजात. परत फोन लावायला शुक्रवार होता, शनिवार होता. मी लावला नाही. मयूरीचा एक मिस्ड कॉल आला होता शनिवारी सकाळी. तोही मी परत केला नाही. रविवारी मी दिवसभर ब्राईडल ट्रायल घेत होते आणि दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघत होते. बाराला वाटलं, आता चूल पेटली असेल. दोनला वाटलं, आता पंगत बसली असेल.

बुधवारी दुपारी मयूरी पार्लरमध्ये आली. सोबत तिची सासू. बाईंचं बावधनला बँकेत काम होतं, त्या तशाच वर आल्या आणि सोफ्यावर बसल्या. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, बोलायला मोकळ्या.

"काढून टाका ते," मयूरी म्हणाली. एवढंच.

एक्स्टेन्शन ओढून काढत नाहीत, खालचे आपले केस तुटतात. गोंद सैल करणारं क्रीम लावून दहा मिनिटं थांबायचं आणि मग ब्रशने अलगद उतरवायचं. तेवढा वेळ डोळे मिटून. मी तिला झोपवलं, पॅच लावले, भिंगाचा दिवा खाली ओढला आणि बघितलं.

उजव्या डोळ्यावरचे सगळे केस टोकाला वाकडे झाले होते. काहींच्या टोकाला बारीक मणी. मोठ्या चुलीवर वाकून, चेहरा जाळाजवळ नेल्याशिवाय असं होत नाही. माझ्या लायटरने जे दाखवलं होतं, तेच तिच्या डोळ्यावर दिसत होतं.

"फोडणी तू घातलीस?" मी हळूच विचारलं.

"व्हय."

मी क्रीम लावत राहिले. मग ब्रश खाली ठेवला. ती डोळे मिटूनच बोलली.

"त्याचं काय न्हाई, मॅडम. भावकी बसलीवती, नवरा गप बसला, घातली. पर बैठकीत मी बोलले ते आता सगळे म्हंत्यात, नाटक व्हतं. आन् ताई म्हनल्या, पार्लरवालीचं खोटं नाव घेतलं. घरात आल्या आल्या मी खोटारडी झाले. माझा बाप रईवारी जेवायला आलावता. त्याच्याम्होरं म्हनल्या."

दहा मिनिटं झाली, तसे मी ब्रशने एकेक केस उतरवले.

उतरवलेले केस मी टिश्यूवर घेतले आणि सोफ्यापाशी जाऊन सासूबाईंच्या समोर जमिनीवर बसले.

"मावशी, हे मिंक नाही. मुंगूस नाही, कुठलाच प्राणी नाही. हे प्लॅस्टिक आहे. हे बघा, वितळलंय. तुमची सून खरं बोलत होती. खोटं मी बोलले. तिच्याशी पण आणि पल्लवीशी पण."

बाईंनी टिश्यू हातात घेतला. चष्मा वर करून, डोळ्याजवळ नेऊन बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"तुमाला कवा कळलं ह्ये?"

"मागच्या आठवड्यात, सोमवारी."

"सोमवारी," त्या म्हणाल्या. टिश्यूची घडी घालून त्यांनी माझ्या हातात परत दिली. "बाई, आता काय उपेग हाय त्याचा? तिनं शिजवलं. आन् चव बी चांगली आली व्हती. भावकीनं नाव काढलं. आता तिचे सासरे म्हंत्यात, दर आईतवारी हिच्याच हातचं पायजे."

पलीकडे खुर्चीत मयूरी डोळे मिटून पडली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. मी परत जाऊन डोळे पुसून दिले, पॅच काढले, आरसा पुढे धरला. तिने आरशात बघितलं नाही. चप्पल घालताना मला म्हणाली, "सोमवारी म्हाईत व्हतं व्हय तुमाला?" मी मान हलवली. ती सासूच्या मागे जिना उतरून गेली. कामाचे पैसे मी घेतले नाहीत, आणि न घेऊन मी काही मोठं केलं असंही मला वाटलं नाही.

ज्या गोष्टीला मी भ्याले होते ती झालीच नाही. चार दिवसांनी पल्लवीचा फोन आला. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. ती रागावली होती, पण आवाज खाली ठेवून बोलत होती. म्हणाली, "मॅडम, हे प्लॅस्टिकचं सोसायटीत कोणाला बोलू नका हां. मी सगळ्यांना ओरिजिनल सांगून बसलेय." मी विचारलं, "आणि मयूरीला तू खोटारडी म्हणालीस, त्याचं?" ती म्हणाली, "ते घरातलं आहे, आम्ही बघू." ती आजही माझ्याकडे येते.

मी मयूरीच्या वडिलांना भेटायला कासार आंबोलीला गेले. ते भात लावणीच्या चिखलातून हात धुऊन बांधावर आले. सगळं ऐकून घेतलं. "पोरगी खरं बोलती ह्ये मला म्हाईतच व्हतं," म्हणाले. "तुमी त्यांना सांगायला पायजे व्हतं, मला न्हाई." चहा विचारला. मी नको म्हणाले.

आता दरपत्रकावर मी सिल्क आणि मिंक हे शब्द ठेवलेले नाहीत. जाड, बारीक, चकाकीचं, असं लिहिलं आहे, आणि वर ठळक अक्षरांत 'सर्व प्लॅस्टिक'. काही बायका वाचून उठून जातात. बऱ्याचशा राहतात.

कुणी कधी शिकायला येतं तेव्हा चिमटे कसे धरायचे हे सांगायच्या आधी मी एवढंच सांगते: माल कशाचा आहे विचारलं तर जे आहे ते सांगायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, आणि ते त्याच दिवशी म्हणायचं. साधी गोष्ट आहे. मला ती शिकायला चौदा वर्षं लागली, आणि फी दुसऱ्याच बाईने भरली.